नियमाचे फळ आणि नवागताचा अधिकार

जी गोष्ट करण्याची कोणावरही सक्ती नाही, जी अधिक सोप्या साधनांनी सहज साधते आणि अवघड साधनाने साधल्याबद्दल जगाकडून फारसा मोबदलाही मिळत नाही, तिच्यासाठी माणूस स्वतःला नियमात का बांधून घेतो, हा प्रश्न धर्मचिंतनाइतकाच जुना आहे. त्याची चर्चा बहुधा उपवास, मौन किंवा तीर्थयात्रा यांच्या आधारे होते. परंतु गेल्या पाव शतकात जगभर विखुरलेल्या एका लहानशा संगीतसमुदायाने तोच प्रश्न अगदी वेगळ्या ठिकाणी उभा केला आहे आणि त्याचा गंभीरपणे विचार होणे आवश्यक आहे. हा समुदाय निन्टेंडो या जपानी कंपनीच्या गेम बॉय नावाच्या, हातात धरून खेळायच्या यंत्रावर संगीत रचणाऱ्यांचा आहे. यंत्रातील ध्वनिनिर्मितीची चिप जो आवाज त्या क्षणी स्वतः घडवते त्यातूनच रचलेल्या संगीताला चिपट्यून म्हणतात. ज्याच्याजवळच्या साध्या संगणकावर शेकडो वाद्यांचे आवाज उपलब्ध आहेत असा नवागत जेव्हा ते सारे बाजूला ठेवून या समुदायात येतो, तेव्हा तो नेमके काय स्वीकारतो आणि त्या स्वीकारातून त्याला जे मिळते ते कोणत्या जातीचे असते, हा या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम त्या यंत्राच्या मर्यादा समजून घेणे भाग आहे, कारण येथे नियम म्हणजे त्या मर्यादाच होत. गेम बॉय 21 एप्रिल 1989 रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्याच्या निर्मितीचे नेतृत्व करणारे गुनपेई योकोई यांची धारणा अशी होती की, सर्वांत नव्या आणि महागड्या तंत्रज्ञानामागे न धावता जे तंत्रज्ञान जुने, स्वस्त आणि पुरते पारखलेले आहे त्याचाच अनपेक्षित दिशेने उपयोग करावा. म्हणूनच रंगीत पडदा शक्य असतानाही या यंत्राला 160 गुणिले 144 ठिपक्यांचा, हिरवट छटेचा आणि केवळ चार पायऱ्यांचा पडदा मिळाला आणि ते चार पेन्सिल सेलवर तासन् तास चालू शकले. ध्वनीच्या बाजूची घडण करण्यात हिरोकाझू तनाका या संगीतकार-अभियंत्याचा मोठा वाटा होता. या यंत्रात आवाजाचे चार चॅनेल, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र असे चार ध्वनिस्रोत आहेत आणि प्रत्येक स्रोत एका वेळी एकच आवाज काढू शकतो. पहिले दोन चौकोनी लहरीचे आहेत. ही लहर हळूहळू न चढता-उतरता उच्च आणि नीच या दोन पातळ्यांमध्ये एकदम उडी घेते आणि ती किती वेळ वर राहते त्या प्रमाणावर तिचा पोत ठरतो. अशी चार प्रमाणे यंत्रात आहेत, साडेबारा, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर टक्के. त्यांतील पंचवीस आणि पंचाहत्तर कानाला सारखीच लागत असल्यामुळे रचनाकाराच्या हाती प्रत्यक्षात तीनच पोत उरतात. तिसऱ्या चॅनेलमध्ये लहरीचा आकार रचनाकाराला स्वतः आखता येतो, पण तो बत्तीस ठिपक्यांत आणि प्रत्येक ठिपक्याला सोळाच उंच्या देऊन. शिवाय या चॅनेलचा आवाज पूर्ण, अर्धा, पाव किंवा शून्य एवढाच ठेवता येतो. चौथ्या चॅनेलमधून केवळ खरखर निघते आणि झांज, टाळी, वाऱ्याचा घोंघाव असे सारे तालाचे काम तिच्याकडून करून घ्यावे लागते.

मर्यादा एवढ्यावर थांबत नाहीत. चौकोनी लहरीची पट्टी ठरवण्यासाठी यंत्राजवळ 2048 आकडे आहेत आणि प्रत्यक्ष कंपनसंख्या भागाकाराने निघते; त्यामुळे खर्जात हे आकडे दाट पडतात आणि सूर बऱ्यापैकी शुद्ध लागतो, पण तारसप्तकाच्याही वर गेल्यावर ते विरळ होत जातात. चार हजार हर्ट्झच्या आसपास लगतच्या दोन आकड्यांमध्ये सुमारे सव्वाशे हर्ट्झचे, म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या निम्म्याएवढे अंतर पडते आणि हवा असलेला सूर तिथे मिळतोच असे नाही. खाली चौसष्ट हर्ट्झपेक्षा खोल उतरायचे असेल तर चौकोनी लहर साथ देत नाही. तिसऱ्या चॅनेलकडे जावे लागते आणि मग त्या चॅनेलवर योजलेले दुसरे काही सोडून द्यावे लागते. तीन स्वरांची संगती ऐकवायची तर एकाच चॅनेलवर ते तीन स्वर इतक्या झपाट्याने आलटून पालटून वाजवावे लागतात की कानाला ते एकत्र भासावेत; ढोलाचा ठोका हवा असेल तर एखाद्या लहरीची पट्टी क्षणार्धात वरून खाली कोसळवावी लागते. या समुदायात ज्याला कौशल्य म्हणतात ते बहुतांशी अशा तडजोडींच्या सूक्ष्म ज्ञानाचे नाव आहे.

खेळासाठी बनलेले यंत्र वाद्य म्हणून सर्वसामान्य रचनाकाराच्या हाती आले ते दोन प्रोग्रॅममुळे. पहिला, 1998 मध्ये जर्मनीत जन्मलेला नॅनोलूप, ज्यात सोळा चौकटींची जाळी भरत आवर्तन उभे करायचे असते. दुसरा, त्यानंतर थोड्याच काळात स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनी लिहिलेला लिटल साउंड डीजे, जो ट्रॅकर या प्रकारात मोडतो. ट्रॅकर म्हणजे वरून खाली वाचायचा असा तक्ता, ज्याच्या प्रत्येक ओळीत स्वर, वाद्य आणि आज्ञा अंकांच्या रूपात लिहिलेल्या असतात. येथे अंकही दशमान नसून सोळाच्या पायाचे असतात आणि सोळा ओळींचा एक तुकडा, तुकड्यांची साखळी, साखळ्यांचे गीत अशी रचना वाढत जाते. हे सारे तळहाताएवढ्या पडद्यावर, दिशादर्शक कळ आणि चार बटणे यांच्या साहाय्याने करायचे असते. नवागताचे पहिले काही महिने या तक्त्याशी झगडण्यात जातात आणि त्या काळात त्याच्या हातून जे निघते ते त्याच्या मनातील संगीताच्या जवळपासही नसते.

आता खरी अडचण पुढे येते. इम्युलेटर, म्हणजे एका यंत्राचे वर्तन दुसऱ्या यंत्रावर हुबेहूब घडवणारा प्रोग्रॅम, हे चारही चॅनेल संगणकावर जवळजवळ तंतोतंत उभे करतो. इतकेच नव्हे, तर ज्याला केवळ त्या आवाजाची गोडी आहे तो कोणत्याही आधुनिक ध्वनिप्रणालीत चौकोनी लहर निवडून, हवे तितके चॅनेल वापरून, तसे संगीत एका संध्याकाळी रचू शकतो. फळ म्हणून केवळ आवाजाकडे पाहिले तर यंत्राचा आग्रह निरर्थक ठरतो. मग हा आग्रह भाबडी स्मरणरंजकता आहे, वस्तुपूजा आहे, की त्यामागे काही विचार आहे?

या प्रश्नाला सर्वांत नेमके उत्तर देणारी चौकट भारतीय परंपरेत पूर्वमीमांसेने तयार करून ठेवली आहे. वैदिक वाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र असलेल्या मीमांसेत विधीचे, म्हणजे आज्ञावाक्याचे, तीन प्रकार मानले जातात. कुमारिल भट्टांच्या तंत्रवार्त्तिकात त्यांची मांडणी आहे आणि ज्यातून मीमांसेच्या अनेक विद्यार्थ्यांची या शास्त्राशी पहिली ओळख होते त्या लौगाक्षिभास्कराच्या अर्थसंग्रहातही ती आढळते. जे अन्य कोणत्याही मार्गाने कळलेच नसते ते सांगणारा तो अपूर्वविधी. एकाच कार्याची अनेक साधने उपलब्ध असताना त्यांतील एक निश्चित करणारा तो नियमविधी. आणि दोन गोष्टी एकाच वेळी प्राप्त असताना त्यांतील एकीला वगळणारा तो परिसंख्याविधी. नियमविधीचे ठरलेले उदाहरण भाताचे आहे. यज्ञातील पुरोडाशासाठी, म्हणजे आहुती द्यायच्या पोळीसाठी, भाताचा तूस काढायचा असतो; तो नखांनी सोलूनही निघेल किंवा उखळात कांडूनही निघेल, पण शास्त्र सांगते की कांडावेच. तूस निघणे हे दृष्ट, म्हणजे डोळ्यांना दिसणारे फळ दोन्ही मार्गांनी मिळते. तेव्हा कांडण्याचाच नियम पाळण्यातून जे वेगळे उत्पन्न होते त्याला मीमांसक नियमापूर्व असे नाव देतात, आणि ते अदृष्ट असून मुख्य कर्माच्या सिद्धीला साहाय्य करते असे मानतात.

गेम बॉयवर संगीत रचण्याचा नियम याच जातीचा आहे. आवाज हा निघालेला तूस आहे. तो दोन्ही वाटांनी निघतो, आणि म्हणून 'आवाज तर तसाच येतो' हा युक्तिवाद नियमाला बाधक ठरत नाही, कारण नियमाचा दावा आवाजाविषयी नव्हताच. परंतु मीमांसकांची आणखी एक शिस्त येथे विसरता कामा नये: जोवर दृष्ट प्रयोजन सापडते तोवर अदृष्टाची कल्पना करू नये. हा संयम फार मोलाचा आहे. यंत्राच्या प्लास्टिकमध्ये काही पवित्रता आहे, जुन्या चिपमध्ये नव्या साधनांना न लाभणारा आत्मा आहे, अशी भाषा समुदायात अधूनमधून ऐकू येते, आणि ती बोलणाऱ्याच्या प्रेमाबद्दल शंका नसली तरी अशा कल्पनेची गरज पडण्यापूर्वी दिसणारी फळे तपासून घेतली पाहिजेत.

अशी दोन फळे स्पष्ट दिसतात. पहिले लक्षाचे आहे. ज्याच्यापुढे पर्याय अनंत आहेत त्याचा बराच वेळ पर्याय निवडण्यात जातो आणि निवडीला शेवट नसल्याने कोणतीही निवड पूर्णपणे त्याची होत नाही. ज्याच्यापुढे तीन पोत आणि चार स्रोत आहेत त्याला लवकरच साधनाचा तळ लागतो आणि त्यानंतर साऱ्या अडचणी संगीताच्याच असतात. दुसरे फळ याहून महत्त्वाचे वाटते आणि त्याची चर्चा मात्र कमी होते: सामायिक मर्यादेमुळे एकाची कृती दुसऱ्याला वाचता येते. ज्या श्रोत्याने स्वतः त्या चार चॅनेलशी झुंज घेतली आहे त्याला दुसऱ्याच्या रचनेत खर्ज आणि ढोल एकाच चॅनेलवर कसे सांधले आहेत, सुरावट ऐकू येत असताना संगतीचा त्याग नेमका कुठे केला आहे, हे ऐकताक्षणी कळते. लिटल साउंड डीजेमधील रचना तर फाइल म्हणून दुसऱ्याच्या हाती दिली की तिचा प्रत्येक तुकडा, प्रत्येक आज्ञा त्याच्यापुढे उघडी होते. अमर्याद साधनांनी केलेल्या कृतीसमोर श्रोता परिणामाची स्तुती करू शकतो, पण रचनाकाराने काय सोडले हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. येथे त्याग दिसतो, आणि जेथे त्याग परस्परांना दिसतो तेथे अनोळखी माणसांमध्येही एक प्रकारचे सख्य निर्माण होते, जे अन्यथा दीर्घ सहवासाशिवाय होत नाही. समुदाय हे नियमाचे बाह्य वेष्टन नसून त्याचे फळच आहे, असे म्हणावे लागते.

तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी 1978 च्या 'द ग्रासहॉपर' या ग्रंथात खेळाची व्याख्या अनावश्यक अडथळे स्वेच्छेने ओलांडण्याचा प्रयत्न अशी केली आहे, आणि खेळाच्या यंत्रावर चाललेल्या या उद्योगाला ती वरवर चपखल बसते. तरीही ती पुरेशी नाही. सूट्स यांच्या मते खेळाचा नियम अधिक कार्यक्षम साधन नाकारून कमी कार्यक्षम साधन लादतो आणि खेळ शक्य व्हावा एवढ्याचसाठी खेळाडू तो स्वीकारतो. खेळ संपला की अडथळ्याचे कामही संपते. येथे मात्र मागे कृती उरते, ती नियम न पाळणाऱ्यालाही ऐकता येते, आणि तिच्यात नियमाची खूण राहते. भात कांडणे हा खेळ नव्हे, कारण त्या तांदळाचा पुढे पुरोडाश व्हायचा असतो.

नवागताची खरी कसोटी मात्र परिसंख्येच्या ठिकाणी लागते. नव्याने व्रत घेतलेल्याचा उत्साह अनेकदा नियमाला वगळणुकीत बदलतो: गेम बॉयवर रचावे, याचा अर्थ तो गेम बॉयवर रचलेलेच खरे, बाकीचे खोटे, असा घेऊ लागतो; इम्युलेटरवर शिकणारा, यंत्राच्या आवाजावर संगणकात संस्कार करणारा, चिपसोबत गिटार वाजवणारा, हे सारे त्याला भ्रष्ट वाटू लागतात. मीमांसकांनी परिसंख्येला तीन दोष लावले आहेत: वाक्याचा सरळ अर्थ सुटतो, न सांगितलेला अर्थ कल्पावा लागतो आणि जे रीतसर प्राप्त होते त्याला बाध येतो, म्हणून अन्य गती नसेल तेव्हाच तिचा आश्रय करावा असे त्यांचे मत आहे. ही चूक बाहेरच्या सहानुभूतीदारांकडूनही होते. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचे व्यवस्थापक म्हणून गाजलेले माल्कम मॅक्लॅरेन यांनी 2003 मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात या संगीताचा गौरव केला, परंतु तो बाजारू संगीताविरुद्धचे नवे पंक बंड म्हणून. त्यावर समुदायातून जाहीर आक्षेप घेतला गेला. तो आक्षेप योग्यच होता. जे आपल्या साधनाच्या प्रेमाने एकत्र आले आहेत त्यांची ओळख त्यांनी कशाला नकार दिला यावरून ठरवणे म्हणजे त्यांच्या हातातील उखळ काढून घेऊन त्यांना नखांचे शत्रू म्हणणे होय.

अधिकाराचा प्रश्न यापुढचा आहे. मीमांसेत अधिकारी तो, ज्याला कर्माच्या फळाची इच्छा आहे. परंतु ज्या फळाचे वर्णन वर केले त्याची इच्छा नवागताला असूच शकत नाही, कारण ते त्याने अद्याप चाखलेले नाही. तो येतो तो बहुधा आवाजाच्या ओढीने, कधी बालपणीच्या आठवणीने, कधी एखादी रचना ऐकून चकित झाल्यामुळे. एका फळासाठी आलेल्याला दुसरेच फळ मिळावे अशी ही व्यवस्था आहे, आणि म्हणूनच प्रवेशाच्या रीतीला महत्त्व येते. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमाच्या अठ्ठावन्नाव्या प्रकरणात नवागताला सहज प्रवेश देऊ नये असे सांगून पुढे म्हटले आहे की, दोन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी आणि पुन्हा चार महिन्यांनी त्याला संपूर्ण नियम वाचून दाखवावा, म्हणजे आपण काय पत्करत आहोत हे पुरते जाणूनच तो वचन देईल. या संगीतसमुदायात असा दरवाजा नाही. न्यूयॉर्कमध्ये 1999 मध्ये स्थापन झालेल्या एटबिटपीपल्ससारख्या गटांनी आपले संगीत विनामूल्य वाटले. ज्ञानही बहुधा तसेच वाटले जाते, आणि नवागताची कोणी परीक्षा घेत नाही. नियम त्याला वाचून दाखवला जात नाही. तो त्याच्याच बोटांना हळूहळू उमगतो. ज्येष्ठांवरील जबाबदारी त्यामुळे कमी न होता वाढते, कारण जेथे दाराशी अडवणारे कोणी नसते तेथे आत आलेल्याच्या पहिल्या कच्च्या रचनेला गांभीर्याने ऐकणे हीच दीक्षा ठरते, आणि ते न झाल्यास तो नियम शिकण्याऐवजी केवळ ऐट शिकतो.

हा स्वीकार मठवासासारखा आजन्म नसतो, तर व्रतासारखा असतो, हेही नवागताला स्वच्छ सांगितले पाहिजे. व्रताला संकल्प असतो, ठरलेला काळ असतो आणि समारोपाचे उद्यापन असते; उद्यापन करणारा व्रतभ्रष्ट होत नाही. या यंत्रावर वर्षानुवर्षे रचना केलेले कित्येक जण पुढे अन्य साधनांकडे गेले, आणि त्यांच्या नंतरच्या संगीतात काटकसरीचा तो संस्कार टिकून राहिला असेल तर नियमाचे काम झाले असेच मानावे लागेल.

शेवटी वस्तूचा प्रश्न उरतो, आणि काळ जाईल तसा तो अधिक तीव्र होणार आहे. जुन्या गेम बॉयचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. पडदे निकामी होतात, प्रोग्रॅम ज्यात साठवलेला असतो त्या कार्ट्रिजमधील छोटी बॅटरी संपली की तिच्या आधारे जपलेल्या रचना पुसल्या जातात, आणि आवाज अधिक स्वच्छ मिळावा म्हणून किंवा पडद्यामागे प्रकाश यावा म्हणून यंत्र उघडून केलेला प्रत्येक फेरबदल त्या मर्यादित साठ्यावरच होत असतो. 2021 मध्ये आलेल्या अॅनालॉग पॉकेटसारख्या नव्या यंत्रांनी जुन्या चिपची रचना आधुनिक सर्किटात उभी केली आहे आणि नॅनोलूप त्यात मुळातच बसवलेला आहे. अशा यंत्रावर रचणारा नियम पाळतो की मोडतो? मीमांसेचा मूळ ग्रंथ असलेल्या जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायात प्रतिनिधीची, म्हणजे पर्यायी द्रव्याची, चर्चा याच अडचणीतून आली आहे. भात न मिळाल्यास नीवार, म्हणजे रानात आपोआप उगवणारे धान्य, वापरावे, कारण भाताचे अवयव त्यातही आढळतात, आणि करणाऱ्याने त्यात भातच पाहावा. या न्यायाने नवे यंत्र निर्दोष ठरते: चार चॅनेल, तीन पोत, बत्तीस ठिपके हे अवयव त्यात आहेत. परंतु त्याच प्रकरणात असेही सांगितले आहे की देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नसतो, तसाच यजमानालाही, म्हणजे ज्याचा यज्ञ आहे त्यालाही, नसतो. आज एखाद्या प्रणालीला दोन शब्द सांगून चौकोनी लहरींचे संपूर्ण गीत काही क्षणांत तयार करवून घेता येते, आणि ते कानाला खोटे वाटेलच असे नाही. तरीही तेथे जे बदलले आहे ते द्रव्य नसून क्रिया आणि कर्ता आहेत. तक्त्याच्या सोळा ओळींतील प्रत्येक अंक स्वतः बसवणारा, बसवलेला खोडणारा आणि ढोलासाठी खर्ज सोडायचा की खर्जासाठी ढोल हे स्वतः ठरवणारा कोणीतरी असल्याखेरीज हे कर्म पूर्ण होत नाही, मग यंत्र 1989 चे असो वा कालचे.